तिसरीच्या वर्गातलं रेडकू

"आई, आज आम्ही मेलेलं रेडकू ओढलं," दप्तर खाली टाकता टाकता लेक म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

मी ऑफिसातून नुकतीच आले होते. चप्पलही काढली नव्हती. वाटलं, आपल्या ऐकण्यातच काहीतरी चूक झाली. मागोमाग स्वयंपाकघरात गेले तर तोंडाला ग्लास लावूनच ती पुढचं सांगत होती. शाळेशेजारच्या शेतकऱ्याच्या म्हशीचं रेडकू मेलं. तो ते ओढ्यात टाकायला निघालेला. वर्गाच्या ताईंनी ते मागून घेतलं, जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं, पायाला दोर बांधला, आणि तिसरीच्या पोरांनी हातमोजे घालून ते शाळेच्या रानाच्या कडेला, बाभळीखाली ओढत नेलं. आता त्याची माती कशी होते ते वर्षभर बघायचं.

"आणि मी सगळ्यात पुढं होते," ती म्हणाली.

दुसऱ्या कुणाच्या आईला किळस आली असती. मला आली ती भीती होती, आणि ती माझ्या जन्माच्या आधीची होती.

माझे आजोबा लातूरकडच्या एका खेड्यात हेच काम करत. गावात जनावर मेलं की आमच्या वस्तीला निरोप यायचा. जायचं, दोर लावायचा, ओढून गावाबाहेर न्यायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. धर्मांतर झालं, वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, आणि आजोबांनी सांगून टाकलं, आजपासून आम्ही मेलेल्या जनावराला हात लावणार नाही. गावानं मग मेलेला बैल आणून वस्तीच्या तोंडाशीच टाकला. रानात कामाला बोलावणं बंद, गिरणीत दळण बंद. आजोबा बायकापोरांना घेऊन लातूरला आले आणि डाळीच्या मिलमध्ये पोती उचलू लागले. त्या पोत्यांवर माझे वडील शिकले, एसटीत कारकून झाले, आणि त्यांनी मला शिकवलं. आमच्या घरात ही गोष्ट दरवर्षी सांगितली जाई, दुसऱ्या घरांत देवाची कहाणी सांगतात तशी. आणि आता फी भरून मी माझ्या पोरीच्या हातात तोच दोर दिला होता.

शाळा नांदेडच्या बाहेर, गोदावरीच्या अंगाला आहे. तिथं पहिलीला वर्षभर झाड, दुसरीला पाणी, तिसरीला माती. भाषा, गणित, चित्र, सगळं त्याच्याभोवती फिरतं. लेक बेरीज शिकली ती लिंबाच्या पानांवर. दुसरीत तिनं विहिरीत दगड सोडून खोली मोजली होती. ऑफिसात मी हे कौतुकानं सांगत असे. वडिलांना, आम्ही त्यांना दादा म्हणतो, हे कधीच पटलं नाही. "झाडाखाली बसायला शाळा कशाला लागते? आमी झाडाखालीच बसलो की. लातूरला आण तिला, इथं चौथीपासून डॉक्टरकीच्या फाउंडेशनचे क्लास हायेत."

त्या दिवशी दादांना फोन करायचं धाडस मला झालं नाही. ताईंना केला. त्या म्हणाल्या, "अजून काही पालकांचे फोन आलेत. शनिवारी सगळेच या, बोलू."

शनिवारी पत्र्याच्या शेडखाली आम्ही पालक जमलो. ताई तिशीच्या आतल्या, पुण्यात शिकून आलेल्या. सडणं म्हणजे घाण नाही, त्यातूनच माती होते, पोरांनी हे पुस्तकात वाचण्यापेक्षा डोळ्यांनी बघावं, असं त्या मनापासून सांगत होत्या. मी ऐकतच नव्हते. आपण उठून काय बोलायचं तेच मनात घोळवत होते. माझं वाक्य तयार होतं : आमच्या पोरांनी त्या दोराला हात लावायचा नाही.

माझ्या आधी एक गृहस्थ उठले. बी-बियाणं, खतांचं मोठं दुकान असलेले. अतिशय सभ्य. लेकीच्या वाढदिवसाला त्यांचा मुलगा आमच्या घरी येऊन गेलेला.

"ताई, शिकण्याला आमचा विरोध नाही," ते म्हणाले. "पण असल्या कामाला माणसं असतात की. बोलवा एखाद्याला, दोन पैसे द्या त्याला. पोरं लांबून बघतील. आपल्या पोरांनी कशाला दोराला हात लावायचा?"

दोन-चार माना हलल्या. माझंच वाक्य होतं ते. शब्दसुद्धा जवळपास तेच. आणि त्यांच्या 'आपल्या'त त्यांनी मलाही धरलं होतं, कारण मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मी कधी उठले मला कळलं नाही.

"ती माणसं म्हणजे आम्हीच," मी म्हणाले. "माझ्या आजोबांना असंच बोलवायचे."

ते गृहस्थ गोरेमोरे झाले. मग समजूत घालावी तसं म्हणाले, "अहो मॅडम, मी तुम्हाला नाही म्हटलं. तुमच्याकडं बघून तर वाटतसुद्धा नाही."

त्यांना खरंच वाटत होतं की ते माझं कौतुक करताहेत. एवढ्या वर्षांत असं काही ऐकलं नव्हतं असं नाही, पण मुलीच्या शाळेत, माझ्या मुलीनं ज्याच्या मुलाला केक भरवला त्या माणसाच्या तोंडून, एवढ्या साध्या आवाजात.

ताई माझ्याकडं वळल्या. "मी ह्या बाजूनं विचारच केला नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा. बंद करू का हे?"

मी बंद करायलाच आले होते. पण आता हो म्हणणं म्हणजे त्या गृहस्थांचंच म्हणणं मान्य करणं होतं.

"बंद करू नका," मी म्हणाले. "पण माणूस बोलावून करायचं नाही. वर्गातल्या सगळ्यांनी करायचं, नाहीतर कुणीच नाही. आणि हे काम आधी कुणाला करावं लागायचं, त्यांनी ते का सोडलं, हेही तिसरीला शिकवा. मातीच्या धड्यातच."

दिवाळीनंतर त्या गृहस्थांचा मुलगा शाळेत दिसला नाही.

सभेच्या त्याच संध्याकाळी, दादांना मी सांगायच्या आत लेकीनंच फोनवर सांगून टाकलं. रविवारी सकाळच्या एसटीनं ते नांदेडात हजर. घरात आले, पाणी प्यायले, माझ्याशी एक शब्द नाही. जेवायला बसल्यावर नातीला जवळ घेतलं.

"दोर कुणी कुणी धरला व्हता?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांनी म्हंजे? पाटलाच्या, सावकाराच्या पोरांनी बी?"

पाटील, सावकार म्हणजे काय हे तिला कळेना. "सगळ्यांनी, आजोबा. एकाला उलटी झाली, मग तो बाजूला बसला."

"आन् मग? नंतर तुला कुणी काय म्हटलं? लांब बस, शिवू नको, असं?"

"नाही. साबणानं हात धुतले आणि सगळ्यांनी खिचडी खाल्ली." तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "तुम्ही ओढलंय का कधी?"

"मी न्हाई. माझ्या बापानं. लई येळा."

तिचे डोळे चमकले. "त्यांच्या शाळेतपण होतं?"

दादांचा घास हातातच राहिला. मी भाकरी वाढायला वाकले होते, तशीच थांबले. ते रडतील, की ताट सारून उठतील, की माझ्यावर ओरडतील, काहीच कळेना. आयुष्यभर ही गोष्ट सांगत आलेला माणूस, पण ऐकणाऱ्याला तिची काहीच कल्पना नाही असं त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

"न्हाई गं," ते शेवटी म्हणाले. "त्यायला शाळाच नव्हती."

जेवणं झाल्यावर दोघं गॅलरीत बसली. मी भांडी घासता घासता ऐकत होते. निरोप यायचा तो, वस्तीच्या तोंडाशी टाकलेला बैल, गिरणीवाल्यानं परत केलेलं दळण, सगळं त्यांनी सांगितलं. मला सांगायचे तसं ठणकावून नाही, अडखळत, शब्द शोधत. मधे मधे ती विचारायची, "पण का?" आणि ते पुन्हा मागं जाऊन सांगायला लागायचे.

मी त्यांना म्हटलं, चला, शाळा दाखवते, ताई तुम्हाला भेटायचं म्हणतात. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तिला जाऊ दे. मी त्या बाभळीपाशी येनार न्हाई."

दुपारी मी त्यांना स्टँडवर सोडलं. लातूरची गाडी लागलेलीच होती. खिडकीत बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"त्या शाळेतच ठेव तिला," ते म्हणाले. गाडी हलली.