लक्ष्मीच्या पावलांवरचा ठसा

आप्पाजी म्हणजे माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. बेंगळूरच्या एका कलासंग्रहालयात जुनी चित्रं साफ करणं हे त्यांचं काम. नाकावरचा चष्मा घरभर शोधतील, पण चित्रावरचा केसाएवढा तडा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. हट्टी माणूस. मी त्यांचीच मुलगी, तेव्हा बोलायचा मला हक्क आहे.

१९६१ साली संग्रहालयात दर शनिवारी दुपारी लोकांसमोर चित्र साफ करून दाखवायचा कार्यक्रम सुरू झाला. अण्णा काडीला ओला कापूस गुंडाळून काजळी उतरवत. खालून सोन्याचा वर्ख झळकला की चिकपेटचे व्यापारीसुद्धा टाळ्या वाजवत. अण्णांना त्या टाळ्यांची चटक लागली होती, हे मी स्पष्टच सांगते.

एका शनिवारी बसवनगुडीच्या वसुमतीअक्कांनी संग्रहालयाला दिलेलं लक्ष्मीचं चित्र साफ करायला घेतलं होतं. त्यांच्या देवघरात धूर खाऊन काळवंडलेलं. अक्का पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. अण्णांनी लक्ष्मीच्या पावलांवरचा लाल थर पुसला, पैंजण चमकले, टाळ्या पडल्या. अक्का उठून पुढे आल्या.

“आप्पाजीअण्णा, पायावरचं कुंकू?”

“काढलं, अक्का. आता बघा, सोनं कसं दिसतंय!”

“आई लावायची. दर शुक्रवारी, मरेपर्यंत. तिच्या बोटाचा ठसा होता तो. फोटोसुद्धा नाही हो तिचा.”

अण्णांचा चेहरा उतरला. चित्राच्या नोंदीच्या कार्डावर त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, ‘पायावर डाग.’ आमच्याही घरी तसबिरींना कुंकू लावतात, त्यांना कळायला हवं होतं. मला त्यांचा राग आला आणि तो वर्षानुवर्षं गेला नाही.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी अक्कांना बोलावून घेतलं. संग्रहालयाच्या साहेबांना न विचारता कुंकवाचा करंडा पुढे केला. “स्वल्प, थोडंसं लावा, अक्का. नियमाचं मी बघतो.”

अक्कांनी बोट कुंकवात बुडवलं, पावलांपाशी नेलं आणि मागे घेतलं. “हे माझं बोट, अण्णा. आईचं कुठनं आणू?”

तेव्हापासून कुठलंही चित्र आलं की अण्णा आधी घरच्यांना विचारत, “हे कोणी लावलंय?” उत्तर मिळेपर्यंत कापूस भिजवत नसत.

१९६९ साली अण्णा गेले. त्यांच्या ब्रशांच्या पेटीत एक काचेची डबी निघाली. आत कापसाचे लाल बोळे, वर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी: ‘वसुमतीअक्कांची आई.’

मी डबी घेऊन बसवनगुडीला गेले. अक्कांनी ती देवघरात ठेवली, निरांजन लावलं आणि मला जवळ बोलावलं.

“तूही हात जोड गं. तुझे अण्णाही आहेत त्यात.”