परत घेतलेली ओवाळणी

माझा दादा रंगारी. उंच इमारतींना बाहेरून रंग देतो, दोरीला टांगलेल्या फळीवर बसून. सकाळी त्याचे हात थरथरायचे आणि एक क्वार्टर पोटात गेल्याशिवाय तो त्या फळीवर चढायचा नाही. दुपारी आणखी एक. संध्याकाळी किती, ते आम्ही विचारत नव्हतो. गावी आईला फोनवर मी सांगायचे, "दादा बरो आसा." आईसुद्धा पुढे काही विचारायची नाही.

मी कुडाळकडची. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे दादानेच मला मुंबईला आणलं, घाटकोपरच्या डोंगरावर, त्याच्या एका खोलीत. वहिनीने तिच्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला आणि म्हणाली, "हा तुझा. यात मी हात घालणार नाही, तू माझ्यात घालू नको." मला पोळीभाजी केंद्रात काम मिळालं तेही तिच्याच ओळखीने. त्या दोघांचं मी इतकं देणं लागते की घरात मोठ्याने बोलायचीसुद्धा मला भीती वाटायची. मुळातच मी घाबरट. गॅस बंद केला की नाही ते तीनदा बघते, मग जिना उतरते, मग परत चढून एकदा बघते.

तर अशी मी, एकदाच धीर केला आणि तोच चुकला.

भाऊबीजेला दादाला पाटावर बसवलं, ओवाळलं. त्याने ताटात पाकीट टाकलं. मी ते उचलून त्याच्या खिशात परत घातलं.

"माका ह्या नको."

"मगे काय होया? साडी?"

"दारू सोड. आजपासून. हीच माझी ओवाळणी. आणि तुका माझी शपथ."

वहिनी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी होती. ती हातातलं भांडं खाली ठेवून वळली. दादाने निरांजनाकडे बघितलं. मग त्याने ताटाला हात लावून सांगितलं, "दिली." आणि माझा दादा असा आहे की बहिणीला दिलेला शब्द म्हणजे शब्द. त्या दुपारपासून त्याने थेंब घेतला नाही. मला वाटलं, इतकी वर्षं आम्ही उगाच घाबरत होतो, साधं मागायचंच राहिलं होतं! मी आईला फोन करून सांगितलं. आई रडली. मीही रडले.

दुसऱ्या दिवशी त्याला घाम फुटत होता. चहाचा कप दोन हातांनी धरूनही सांडत होता. रात्रभर झोप नाही, अन्न पोटात टिकेना. मी म्हणायचे, बाहेर पडतंय सगळं, अंगातलं विष बाहेर पडतंय. कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. मीच ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पायात चपला सरकवत होती.

"कुठे चाललीस गं?"

"क्वार्टर आणायला."

मी दारात आडवी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा.

"वहिनी, तीन दिवस झालेत! आता मोडायला लावतेस त्याला?"

"त्याचे हात बघ. डोळे बघ. दोन वर्षांमागे गणपतीत असंच एक दिवस बंद केलं होतं तर फिट आली होती त्याला. थोडी पोटात गेली की थांबतं हे. मला माहितीय."

"तुलाच नको असेल तो सुधारायला."

हे मी बोलले. ज्या बाईने मला कपाटातला कप्पा दिला, तिला. वहिनी चपला काढून भिंतीला टेकून बसली. "कर मग तूच," म्हणाली.

तेवढ्यात आतून दादाचा आवाज आला. "बाय, शिडी धर गो."

आत कसली शिडी. दादा भिंतीसमोर उभा होता. उजवा हात खाली नेऊन कशात तरी बुडवल्यासारखा करायचा, डब्याच्या काठाला ब्रश पुसल्यासारखा वळवायचा आणि मग भिंतीवर वर-खाली, वर-खाली. हातात काही नव्हतं. कोपऱ्यापर्यंत आला की थांबून बोटाने भिंतीवरून काहीतरी झटकायचा. "मुंग्यो. रंगात मुंग्यो इल्यात. धर मा शिडी, पडान मी."

मी शिडी धरली. म्हणजे त्याच्या पायाशी हवेत दोन हात धरून उभी राहिले. दुसरं काय करायचं ते सुचेना. वहिनीने मात्र डब्यांमागून एक कागद ओढून काढला. वस्तीत घरोघर फिरणारी आशा वर्कर मागे कधीतरी देऊन गेली होती. दारू, नशा, मनाचा त्रास, घरी येऊन बघू, असं काहीतरी त्यावर होतं. वहिनीने फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून विचारलं असावं की शेवटची कधी घेतली. वहिनी म्हणाली, "भाऊबीजेच्या दिवशी सकाळी. नणंदेने ओवाळणीत सोडायला लावली." पलीकडून आणखी काहीतरी विचारलं. "हो," वहिनी म्हणाली, "एकदम."

ते येईपर्यंत मी कितीदा दारात गेले ते मला सांगता येणार नाही. दारात गेलं की वाटायचं आत काही होईल, आत आलं की वाटायचं त्यांना घर सापडलं नसेल. आमच्या वस्तीत गाडी वर येत नाही. पायऱ्या चढूनच यावं लागतं आणि अर्ध्या वाटेवर दोन गल्ल्या फुटतात, त्यातली चुकीचीच आधी दिसते. शेवटी मी खाली धावले. ते दोघे त्या चुकीच्या गल्लीतूनच परत येत होते. एक तरुण सोशल वर्कर ताई आणि एक पन्नाशीचे, पोट सुटलेले, धापा टाकणारे काका.

"एवढ्या पायऱ्या रोज चढायच्या म्हटल्यावर माणूस पिणार नाही तर काय करणार!" काका म्हणाले. मला राग आला. हसायची वेळ होती का ही?

घरात आल्यावर ताईने दादाची नाडी बघितली, ताप बघितला, बाजूला जाऊन डॉक्टरांशी फोनवर बोलली आणि मग आम्हाला समोर बसवून सांगितलं. रोज इतकी पिणाऱ्या माणसाने एकदम बंद केलं की शरीर बिथरतं. फिट येते, भ्रम होतो, जीवही जातो. हळूहळू उतरवावं लागतं, औषधाखाली, हॉस्पिटलमध्ये. आणि आज, आत्ता. खाली ॲम्ब्युलन्स येतेय.

"म्हणजे क्वार्टर द्यायला हवी होती?" मी विचारलं.

"घरी द्यायची नव्हती," ताई म्हणाली. "पण तुमच्या वहिनींना जे दिसलं ते बरोबर दिसलं होतं."

वहिनीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

काका दादाच्या शेजारी भिंतीला टेकून उभे होते. "कुठला रंग चाललाय, शेठ?"

"हस्तिदंती."

"दुसरा हात मारायचा की पहिलाच?"

"पयलोच." दादा त्यांच्याकडे वळला, आणि मध्येच दिवा लागावा तसं त्याला भान आलं. "तुमी कोण?"

"मी पण पिणारा. आता नाही पीत. चला, हॉस्पिटलला जाऊ. गोळ्या देतील, झोप लागेल, ही थरथर जाईल."

"झोपेची गोळी?"

"तसलीच. काही दिवस. मग कमी करत बंद."

"नको. ती पण नशाच. बायक शब्द दिलंय मी. नशा नाय म्हणजे नाय." आणि तो परत भिंतीकडे वळला.

ताईने समजावलं, वहिनीने विनवलं, मग शिव्या घातल्या. दादा भिंतीला पाठ लावून, अंग आवळून बसला. ताई हळूच म्हणाली, "उचलून नेता येईल, पण ह्या पायऱ्यांवरून झटापट करत नेताना फिट आली तर कठीण आहे. स्वतःहून उठले तर बरं."

काका माझ्याकडे वळले. आता ते हसत नव्हते. "शपथ कुणी घातली?"

"मी."

"मग सोडव."

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मी दादाच्या जिवाचा विचार करत नव्हते. माझ्या डोक्यात होतं की एवढ्या वर्षांत हा एकदा थांबला, तो माझ्या शब्दाने. आता मीच शब्द मागे घेतला तर उद्या बरा होऊन आला की सरळ गुत्त्यावर जाईल आणि म्हणेल, तूच सोडवलंस. परत मागायला माझ्याकडे काय उरणार? दिलेली ओवाळणी परत केलेली मी कधी ऐकली नव्हती. अपशकुन तो. भावाचं आयुष्य मागतो आपण ओवाळताना.

"काका, मग तो कधीच सोडणार नाही."

"नाही सोडणार कदाचित," ते म्हणाले. "पण ते बघायला तो पाहिजे ना?"

मी दादासमोर खाली बसले. त्याचे दोन्ही हात धरले. ते इतके उडत होते की माझेही उडायला लागले.

"दादा, ऐक. भाऊबीजेक मी मागितलंय ता परत घेतलंय. सुटली शपथ. तू मोकळो."

मग लहान मुलासारखं त्याचं तोंड वाकडं झालं. "मी पाळलंय गो. तीन दिस पाळलंय."

"पाळलंस. माका ठावक आसा."

"मगे आता तुका काय देऊ?"

"काय नको. उठ. माझ्याबरोबर खाली चल."

तो उठला. चार पायऱ्या उतरल्यावर पाय लटपटले, तेव्हा शेजारच्यांनी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि त्याला खुर्चीत बसवून खाली नेलं. काका पुढे, उलट्या पावलांनी उतरत, सारखे त्याच्याशी रंगाबद्दल बोलत होते. वहिनी मागून येत होती. ॲम्ब्युलन्सचं दार लावताना तिने माझा हात घट्ट धरून मला आत ओढलं. त्या धरण्यात माफी होती की राग, ते मी आजवर विचारलेलं नाही.

वॉर्डात दोन रात्री त्याने मला ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशी ओळखलं आणि पेज मागितली. ताई दर आठवड्याला घरी यायला लागली. दादा व्यसनमुक्ती केंद्रावर, दारू सोडणाऱ्यांच्या गटात जाऊन बसायला लागला. आता सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही, कारण झालेलं नाही. मी अजून त्याच्या श्वासाचा वास घेते. तो पाठ करून झोपला की उठून तोंड बघते. त्याला ते कळतं आणि तो कळलं नाही असं दाखवतो.

मागच्या महिन्यात पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटत होते. हाताला पीठ, म्हणून दादाचा फोन स्पीकरवर घेतला. चार बायका शेजारी.

"बाय, काल घेतलंय मी."

लाटणं थांबलं. माझं आणि चौघींचंही.

जर शपथ असती तर त्याने हे मला सांगितलं नसतं. लपवलं असतं, मग लपवण्यासाठी आणखी प्यायला असता. हे मला त्या क्षणी कळलं.

"खंय आसस तू?"

"गटाच्या केंद्रार. काकांका फोन केलंय, येतत ते. दारात बसलंय. अजून उघडूक नाय."

"कायतरी खाल्लंस?"

"नाय."

"थंयच बस. मी येतंय."

शेजारची म्हणाली, "जा गं, तुझ्या पोळ्या मी करते." मी हात न धुताच निघाले. रिक्षात बसल्यावर परत फोन लावला, दार उघडलं का विचारायला. त्याने उचलला नाही. मी परत लावला.