शारजात पब नाही

कुठल्याही पबमध्ये शिरलं की अन्वीचे बाबा आधी लाकूड वाजवत. काउंटरवर बोटाच्या पेराने टकटक, मान जरा तिरकी, आणि मग निकाल: "हे आपल्याकडचं." किंवा तोंड वाकडं करून, "हे दुसऱ्या कुणाचं तरी." त्यानंतरच ते स्टुलावर बसत.

त्यांचं नाव मला माहीत होतं, पण ते वापरायची वेळ कधी आली नाही. मुलांच्या फुटबॉलच्या ग्रुपवर आईबापांना नावं नसतात, हा अनुभव तुमच्याही गाठीशी असेल. माझ्या फोनमध्ये ते 'अन्वीचे बाबा, गोलकीपर' होते आणि त्यांच्या फोनमध्ये मी 'अर्णवचे बाबा, राखीव'. पदं मुलांची, पण चिकटली होती आम्हाला.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका लाकूडकामाच्या कारखान्यात ते सुपरवायझर होते. हॉटेलांमधले 'पारंपरिक इंग्लिश पब' तिथे तयार होत. "भावा, दीडशे वर्षांपूर्वीचा पब आम्ही महिन्यात देतो," असं ते अभिमानाने सांगत. नवं लाकूड जुनं दिसावं म्हणून आधी त्याला लोखंडी साखळीने बडवायचं, मग वर काळपट पॉलिश चढवायचं. पुढे त्याच खाचांवरून गोरी माणसं प्रेमाने हात फिरवतात आणि आपल्या गावाची आठवण काढतात. हे सांगताना त्यांना हसू आवरत नसे.

आमच्या टीममध्ये मुलंमुली एकत्र खेळत. बाहेरगावी मॅच असली, म्हणजे रास अल खैमा, फुजैरा, अल ऐन, की दुबईतल्या आमच्या वस्तीतून, इंटरनॅशनल सिटीतून, माझ्या गाडीत चौघं निघायचो. पुढे आम्ही दोघं बाप, मागे कानात इअरफोन घातलेली दोन मुलं. मैदान आलं की अन्वीचे बाबा तिची बॅग उतरवत, ग्लोव्हज तपासत आणि म्हणत, "चला, मी जरा बसून येतो." मग जवळच्या हॉटेलचा पब गाठत आणि मॅच संपल्यावरच उगवत.

आता तुम्हीच सांगा, असं कोण करतं? मुलगी गोलमध्ये उभी आणि बाप पबमध्ये. टीमच्या आयांनी त्यांच्या नावाने केव्हाच बोटं मोडली होती. माझी बायकोसुद्धा म्हणे, "एवढी गुणी पोर, आणि बापाला एक शनिवार धीर धरवत नाही!" हे सगळं त्यांच्या कानावर जात होतं. ते नुसते हसत, आणि मला वाटतं, त्यांना ते बरंही वाटत असावं.

खरा प्रकार मला फुजैराला कळला. अर्णवचा पाय मुरगळला होता, म्हणजे त्या दिवशी तो बाकावरही बसणार नव्हता. त्याला खुर्ची आणि चिप्सचं पाकीट देऊन मी यांच्यासोबत गेलो. लाकूड वाजवून झालं. ते आपल्याकडचं निघालं. समोरच्या मोठ्या टीव्हीवर कुठल्याशा युरोपातल्या क्लबची मॅच चालू होती. बारमनने यांना बघितलं आणि न सांगताच टीव्ही बंद केला.

"का हो?" मी विचारलं.

"आपलं पोर सोडून दुसऱ्याची पोरं कशाला बघायची?" ते म्हणाले आणि बिअरचा एक ग्लास मागवला. तो ग्लास मॅच संपेपर्यंत तसाच राहिला. फेस केव्हाच बसला, बिअर कोमट झाली, आणि हे फोन पालथा घालून त्यावर तळहात दाबून बसलेले. पाचेक मिनिटांनी मला म्हणत, "तुमचा बघा की जरा. काय म्हणताहेत ग्रुपवर?"

गडी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. तिथे फुटबॉल नुसता बघत नाहीत. तालमीची टीम खेळायला उतरली की अख्खी पेठ घसा फोडून खेळते. अन्वीच्या पहिल्याच मॅचला हे गोलच्या मागे उभे राहिले आणि कोल्हापूर अंगात आलं. "अन्वे, पुढं ये! पुढं ये की गं!" कोच तिला जागेवर थांब म्हणत होता. अन्वीने बाबांचं ऐकलं, पुढे धावली, आणि बॉल तिच्या डोक्यावरून आरामात आत गेला.

आमचा कोच इजिप्तचा. त्याने छातीवर हात ठेवून यांना सांगितलं, "वन टीम, वन कोच, हबीबी. खलास." अन्वीचं बोलणं त्याहून थोडक्यात होतं. "बाबा, आयदर यू ऑर मी."

"मग गाडीत बसायचं," मी म्हणालो.

"बसलो होतो एकदा. आवाज पार्किंगमधून पोचला." मग त्यांनी भिंतीवर पुन्हा एकदा टकटक केली. "पबला खिडक्या नसतात. आणि भिंती आमच्याच, आतून जाड भरलेल्या. इथून काय बाहेर जात नाय."

घरी परतताना वाटेत आम्ही करक चहाला थांबत असू. मग ते गाडीच्या बॉनेटवर कागदी कप मांडत. हा अर्णव, म्हणजे राखीव, तो कडेला. ही अन्वी. "आता सांगा, दुसरा गोल कसा बसला?" मी आठवेल तसे कप सरकवायचो. मला फुटबॉलमधलं यथातथाच कळतं, त्यामुळे माझ्या वर्णनात कधीकधी बारावा खेळाडूही शिरायचा. तेवढ्यावर हा माणूस आपल्या मुलीचा खेळ बघत होता. अन्वीला विचारलं तर ती इअरफोन न काढता म्हणे, "इट वॉज ओके, बाबा."

मग एका हिवाळ्यात त्यांच्या मालकाने पब सोडून नुसतं हॉटेलांचं फर्निचर करायचं आणि कारखाना सौदीला हलवायचं ठरवलं. यांना तिकडे एकट्याने जायचं नव्हतं. सहकुटुंब कोल्हापूरला परतायचं पक्कं झालं, तिकिटं आली. अन्वीची टीमबरोबरची शेवटची मॅच कुठे लागावी? शारजाला.

शारजात दारूबंदी आहे. पब नाही, बार नाही, साखळीने बडवलेलं लाकूड नाही. अन्वीचे बाबा हवालदिल झाले.

"मॉलमध्ये बसा," मी सुचवलं.

"पबात बसलो की लोक समजतात, गडी प्यायला गेलाय. विषय संपला. मॉलमध्ये बसलो तर काय सांगू? पोरगी बापाला उभं करत नाही म्हणून?" मग जरा थांबून हळूच म्हणाले, "आणि शेवटची मॅच आहे हो."

गाडीत त्यांनी घसा खाकरून मागे वळून अर्ज केला. अन्वीने एक इअरफोन काढला. "फाइन. बट नो शाउटिंग." कोचने कोपऱ्यातल्या झेंड्याच्याही पलीकडची जागा नेमून दिली आणि ओठांवर बोट ठेवलं. हे शाळेतल्या मुलासारखे मान डोलवत राहिले.

मॅच सुरू झाली. यांनी खिशातून रुमाल काढला, घडी केली आणि तोंडात कोंबला. दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. बॉल आमच्या गोलकडे आला की मनगटाची हाडं एकमेकांना भेटत. अन्वी सुरेख खेळत होती. उजवीकडे झेपावून तिने एक बॉल असा काही ढकलला की मीच ओरडलो. यांच्या रुमालामागून बारीक कण्हल्यासारखा आवाज आला, तेवढाच.

शेवटी शेवटी समोरच्या टीमचा एक लांबडा पोरगा एकटाच बॉल घेऊन सुटला. त्याच्यापुढे फक्त अन्वी. कोच पार पलीकडच्या बाजूला. अन्वी एक पाऊल पुढे आली, थबकली, आणि तिने वळून आमच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

यांनी डोळे मोठे केले, माझं मनगट पिरगाळलं, पण रुमाल काढला नाही. शब्द दिला होता. बॉल तिच्या बाजूने आत गेला आणि आम्ही हरलो.

मॅच संपल्यावर ती ग्लोव्हज काखेत मारून तरातरा आमच्याकडे आली. "बाबा, व्हाय डिडन्ट यू शाउट?"

"अगं, तूच म्हणालीस ना..."

"आय नो व्हॉट आय सेड!" मग तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच सरळ मराठी वाक्य ऐकलं. "मी वाट बघत होते."

अन्वीच्या बाबांच्या हातात तो ओला रुमाल तसाच होता. त्यानेच त्यांनी डोळे पुसले. मला कुठे बघावं ते कळेना. मी उगाच अर्णवच्या बुटांची लेस बांधायला वाकलो. तो मिनिटभरही खेळला नव्हता, लेस घट्टच होती.

त्या दिवशी चहाला थांबलो तेव्हा बॉनेटवर कप अन्वीने मांडले. "शो मी. कधी पुढे यायचं?" बापलेक चहा गार होईपर्यंत कप सरकवत होते. आम्हा राखीव लोकांना कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती मंडळी गेली.

आता गोलमध्ये दुसरा मुलगा आहे. त्याचे आईवडील शिस्तीत टाळ्या वाजवतात. बाहेरगावच्या मॅचला गाडीत पुढची सीट रिकामी असते. एकदा रास अल खैमाला मी मॅचच्या आधी त्यांच्या नेहमीच्या पबमध्ये डोकावलो, काउंटर वाजवून पाहिला. मला काहीच कळलं नाही. टकटक ऐकून बारमनने मात्र टीव्ही बंद केला.

त्याच मॅचच्या मध्ये फोन थरथरला. कोल्हापूरहून व्हिडिओ आला होता. मी बेसावधपणे तो उघडला. लाल मातीचं मैदान, गर्दी, चित्र सारखं हलतंय, गोल नीट दिसतही नाही. आणि आवाज असा फुटला की आमच्या बाजूची सगळी सभ्य मंडळी दचकली.

"अन्वे, पुढं ये! आत्ता! पुढं ये की गं!"

पलीकडे कोचने शिट्टी तोंडातून काढली. त्याने आधी गोलकडे पाहिलं. मग वळून बराच वेळ तो पार्किंगकडे बघत राहिला.