पेंटियम, सेलेरॉन आणि एक सही

“बघितल्याशिवाय सही नाही, महाराज,” असं म्हणून ते आधी चष्मा पुसायचे, मग समोरची वस्तू पुसायचे आणि त्यानंतरच तिच्याकडे बघायचे. वस्तू काहीही असो. कारखान्यात आलेला पोलादी दांडा असो, नाही तर वर्गणीची पावती.

त्यांचं नाव सांगत नाही. बरखेड्यात, म्हणजे आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, त्यांना ओळखणारे अजून पुष्कळ आहेत आणि त्यांतले निम्मे मलाही ओळखतात. कारखान्यात ते तपासणी विभागात होते. आमच्या मराठी मंडळात ते विनापगारी तपासणी विभाग होते. उज्जैनचा माणूस, अंगाने काटकुळा, कान मात्र दोन माणसांना पुरतील एवढे. बोलताना ते कान हलायचे. आम्ही तरुण मंडळी त्यांच्या शब्दांकडे नाही, कानांकडे बघत असू.

भाजीवाल्याकडे ते भेंडीचं एकेक टोक मोडून पाहायचे. हे सगळेच करतात म्हणा. पण मोडलेली टोकं मोजून त्याला परत देणारा हा एकच. एकदा मंडळात कुणाच्या तरी शोकसभेचा ठराव लिहिला, तर यांनी सही करण्याआधी विचारलं, “गेल्याची खात्री कोणी केली?” समोर विधवा बसलेली. मी तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळालो होतो.

तर अशा माणसाची फजिती करायची इच्छा कोणाला होणार नाही? तुम्हालाही झाली असती. उगाच सज्जनपणा दाखवू नका.

संधी आली ती मंडळाच्या वाचनालयामुळे. पुस्तकांची यादी टंकायला कॉम्प्युटर हवा होता आणि दोन घरांतून जुना कॉम्प्युटर देऊ केला गेला. एक मंडळाच्या अध्यक्षांचा. हे अध्यक्ष कारखान्यात फार वरच्या खुर्चीवर होते. त्यांच्या यंत्रात पेंटियम थ्री हा प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू. दुसरं यंत्र टाउनशिपच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंचं. त्यात सेलेरॉन. आजच्या मुलांना ही नावं म्हणजे पुराणातले राक्षस वाटतील. तेव्हा मात्र पेंटियम म्हणजे घराण्यातला थोरला मुलगा आणि सेलेरॉन म्हणजे धाकटा, ज्याला थोरल्याचे जुने कपडे मिळतात.

वाचनालयात टेबल एकच. ज्याचं यंत्र ठेवलं जाईल त्याच्या नावाची पितळी पाटी त्यावर लागणार होती. अध्यक्षांनी पाटीचा मजकूर आधीच ठरवला होता. पण कार्यकारिणीत आमचे हे उठले आणि म्हणाले, “दोन्ही तपासल्याशिवाय कसं ठरवणार? नाव ऐकून माल घ्यायचा तर मग तपासणी विभाग बंद करा.”

अध्यक्ष हसले. हसणं चेहऱ्यावर नीट बसलं नाही. पूर्वी कारखान्यात एकदा त्यांनी काही माल पास करायला सांगितला होता आणि यांनी तो परत पाठवला होता, हे सगळ्या टाउनशिपला ठाऊक होतं.

दोन्ही यंत्रं तपासणीसाठी यांच्या क्वार्टरवर पोहोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी दुबेला बरोबर घेतलं. दुबे कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होता आणि माझ्यासारखाच रिकामा.

“भाई, एक काम करते हैं,” दुबे वाटेत म्हणाला. “दोनों के प्रोसेसर बदल देते हैं. बुढ़ऊ अध्यक्ष का नाम देखकर उसी का डिब्बा पास करेंगे. फिर सबके सामने खोलके दिखा देंगे.”

मला ही कल्पना इतकी आवडली की मी त्याला रस्त्यातच चहा पाजला. दुबेच्या क्वार्टरवर अर्ध्या तासात काम झालं. थोरला धाकट्याच्या घरात, धाकटा थोरल्याच्या. यंत्र सुरू होताना पडद्यावर जी माहिती येते, तीही दिसणार नाही अशी व्यवस्था दुबेने केली.

आता ऐका, यांची पद्धत. माल आला की तो उघडायचा, वर्णनाशी ताडून पाहायचा, पावतीवर “उघडून पाहिले, वर्णनाप्रमाणे आहे” असं लिहून सही करायची आणि मग स्क्रूंवर लाख ओतून पितळी शिक्का मारायचा. त्यानंतर लाख फोडायची तर लेखी कारण द्यावं लागे. घरीसुद्धा. मागायला कोणी नसलं तरी.

आम्ही पोहोचलो तेव्हा रविवारची दुपार होती. त्यांच्या पत्नीने पानं वाढली होती. आमचीही वाढली, कारण उज्जैनकडची माणसं. ते स्क्रूड्रायव्हर शोधू लागले. उघडलं असतं तर खेळ तिथेच संपला असता. मी चेहरा गंभीर केला. नाटकात मी नेहमी डॉक्टर किंवा वकील असायचो.

“साहेब, आत्ताच मी स्वतः उघडून बघितलंय दोन्ही. वर्णनाप्रमाणे आहे. वरण गार होतंय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पानाकडे बघितलं. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. आणि त्यांनी सही केली. न बघता.

एव्हरेस्ट चढलेल्या माणसाला कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. दुबेने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. जेवण झाल्यावर त्यांनी लाख वितळवली, शिक्का मारला आणि आम्हाला सुपारी दिली.

मग महिनाभर तपासणी. हातात कारखान्यातलं जुनं स्टॉपवॉच. “रोजचा वापर” म्हणजे काय याची त्यांनी आधी यादी केली: मराठीत एक पत्र टंकणे, ते छापणे, एक फोटो उघडणे, भजनाची सीडी चालू असताना टंकणे. दुबेने विचारलं, “और ताश?” कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचे दिवस होते ते.

“पत्ते हा रोजचा वापर नाही, महाराज.”

आमच्या ऑफिसात तर तो एकमेव रोजचा वापर होता.

टंकायला त्यांनी पत्नीला बसवलं. “वापरणारा साधा असावा, तरच यंत्राचा कस लागतो,” हे तिच्यासमोरच म्हणाले. ती बिचारी रोज संध्याकाळी दोन्ही यंत्रांवर तेच पत्र टंकायची: आपण नेलेले पुस्तक कृपया परत करावे. एक बोट, एक अक्षर. आम्ही मुद्दाम बघायला जायचो. बाहेर आलो की दुबे एका बोटाने हवेत टंकून दाखवायचा आणि मी कान हलवायचो. फार गर्दी व्हायची आमच्याभोवती.

वार्षिक सभेचा दिवस आला. अध्यक्षांनी पाटी करूनच आणली होती, कागदात गुंडाळून. आमचे हे उठले आणि तुलनेचा तक्ता वाचू लागले. दोन रकाने, महिनाभराचे आकडे.

“रोजच्या वापराला दोन्ही यंत्रं चालतील,” ते म्हणाले. “फरक चहाच्या एका घोटाचा आहे. पण तो फरक रोज, प्रत्येक कामात, एकाच बाजूला पडतो. बाईंचं यंत्र सरस आहे. अध्यक्ष साहेबांचं कमी आहे.”

मी आणि दुबे एकमेकांकडे बघत राहिलो. बुढ़ऊ फसला नव्हता. नावाला भुलला नव्हता. आमच्या विनोदाचा शेवटच त्याने कापून टाकला होता.

अध्यक्ष उठले. “पेंटियम सेलेरॉनपेक्षा कमी? लहान मूलसुद्धा हसेल. उघडा ती पेटी.”

दुबेलाच पुढे बोलावलं. लाख शाबूत होती, शिक्का स्पष्ट होता. सगळ्यांनी खात्री करून घेतल्यावर ती फोडली. दुबेने पंखा काढला, खालची चिप पुसली आणि तिच्यावरचं नाव वाचलं. अध्यक्षांच्या पेटीत सेलेरॉन. मग दुसरी पेटी उघडली. तिच्यात पेंटियम.

सभागृहात कोणीतरी “अरेच्चा” म्हणालं.

“पावती वाचा,” अध्यक्ष म्हणाले. चिटणिसांनी वाचली: उघडून पाहिले, वर्णनाप्रमाणे आहे. “म्हणजे तुमच्या घरी आलं तेव्हा सगळं बरोबर होतं. लाख तुमची. शिक्का तुमचा. महिनाभर यंत्रं तुमच्याकडे. मग अदलाबदल कोणी केली?”

त्यांनी चष्मा काढून पुसला.

“जुनं उट्टं काढायला ही जागा निवडलीत?” अध्यक्ष म्हणाले. “ तुम्ही उघडून पाहिलं होतं की नाही, एवढंच सांगा.”

मी तेव्हा चिवड्याच्या बश्या वाटत होतो. माझ्या हातात सहा बश्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, बशीकडे बघावं तेवढंच. मग ते सभेकडे वळले.

“सही माझी आहे,” ते म्हणाले. “म्हणजे पाहिलं असलंच पाहिजे.”

तुम्ही विचाराल, तू का नाही बोललास? माझा वार्षिक गोपनीय अहवाल अध्यक्षांच्या टेबलावरून पुढे जायचा, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला लाज वाटायला हवी, पण सांगतो. पुढे काय होतं ते मला बघायचं होतं.

पुढे जे व्हायचं तेच झालं. चोर असं कोणी म्हणालं नाही. मराठी माणूस तेवढं उघड बोलत नाही. त्यांना काही दिलं की, “साहेब, उघडून बघा हं,” एवढंच म्हणायचे. चहावाला म्हणायचा, वाण्याकडे म्हणायचे, शिपायानेही म्हणायला सुरुवात केली. हे वाक्य मी काढलं होतं. दुबेने ते हिंदीत नेलं आणि मग ते सगळ्या कारखान्याचं झालं. पितळी पाटी अध्यक्षांच्याच नावाची लागली. यंत्र बाईंचं राहिलं की त्यांचं, हे नंतर कोणी पाहिलंच नाही.

आमचे हे मंडळात परत आले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याच्या फाटकातून एकटेच चालत निघाले. क्वार्टर सोडून आनंद नगरात दोन खोल्या घेतल्या. दुबेची बदली झाली. मी हा किस्सा लग्नांत, बारशांत, सहलींत सांगत राहिलो. कान हलवण्याच्या जागी लोक हमखास हसायचे.

ते गेल्याचं मला महिन्याने कळलं. आनंद नगरला गेलो. त्यांच्या पत्नीने दार उघडलं, मला ओळखलं आणि खुर्ची दाखवली. मी इकडचं तिकडचं बोललो, आणि मग माझ्याच्याने राहवलं नाही.

“वहिनी, ती यंत्रं मीच...”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “त्यांना तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. घड्याळ लावून बसायचे ना. म्हणाले, या पेटीत दुसरंच काहीतरी आहे.”

“मग उघडलं का नाही?”

“लाख फोडायची तर कारण लिहायला हवं. काय लिहिणार होते? न बघता सही केली, असं?” ती साडीची घडी सारखी करत होती. “म्हणाले, आता आहे तसंच मोजायचं आणि निघेल ते वाचायचं.”

मी म्हणालो, “भर सभेत त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मला वाचवलं. ते मी कधी...”

“नाही हो,” ती मध्येच म्हणाली. अगदी साध्या आवाजात, पत्ता चुकलेल्याला वाट सांगावी तसं. “तसलं काही मनात आणू नका. तुमचा विचार त्यांनी केलाच नाही.”

मग तिने विचारलं, चहा घेणार का. मी रीतीप्रमाणे नको म्हणालो. ती बरं म्हणाली आणि उठून दाराशी जाऊन उभी राहिली.