बघणाऱ्याचा वाटा

कोल्हापूर जिल्ह्याचं पश्चिमेकडचं टोक जिथं डोंगरात शिरतं, तिथं फणसटोक नावाची दहा-बारा घरांची वाडी आहे. एसटी खालच्या गावापर्यंत येते, पुढं आपले पाय. या वाडीत सत्तरी ओलांडलेली झुंबरबाई एकटी राहते. तुकडाभर नाचणीचं शेत, चार कोंबड्या आणि घरामागचा ओढा एवढा तिचा संसार. भाकरी शेतातली, कोरड्यासाला मासळी ओढ्यातली. तिच्या सासूचंही असंच चाललं.

मग ओढा अभयारण्यात गेला. म्हणजे ओढा जागचा हलला नाही. कुणीतरी नकाशावर रेघ ओढली आणि काठावर पाटी ठोकली, की इथं मासे धरणं गुन्हा आहे. झुंबरबाईला वाचता येत नाही. पण पाटीवर काय आहे हे वाडीनं तिला सांगितलं होतं, तेव्हा ती सबब ती देत नाही, आपणही देऊ नये. तिनं सरळ पाटीच्या खांबाला जाळं वाळत घातलं.

वाडीची एक रीत आहे. जाळं वर येताना ज्याची नजर पडेल त्याला वाटा द्यायचा. वाटसरू असो नाहीतर अबोला धरलेली जाऊ असो, बघितलं की वाटा. न देता घरी नेलेला मासा अंगी लागत नाही म्हणतात. नवा वनरक्षक सम्राट हा खाली सपाटीवरच्या पेठ वडगावचा, त्याला हे कुठून ठाऊक? माघातल्या एका सकाळी तो ओढ्यावर येऊन उभा राहिला, तेव्हा बाईनं जाळं नुकतंच ओढलं होतं. ती दचकली नाही. कुंभ्याच्या रुंद पानावर ओंजळभर मासळी ठेवून तिनं पान त्याच्यापुढं धरलं.

"घे लेकरा, तुझा वाटा."

"आजी, ड्यूटीवर हाय मी. मला लाच देताय व्हय?"

हसावं की संतापावं, तिला कळेना. सम्राटनं जाळं जप्त केलं. ते तिच्या नवऱ्यानं जायच्या आदल्या वर्षी विणलं होतं. ती त्याच्या मागोमाग डोंगर उतरून वनखात्याच्या कचेरीपर्यंत गेली.

कचेरीतले साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला. "आजी, तुमचं वय बघून केस करत नाही. पुन्हा मासे धरणार नाही आणि लाच देऊ केली ती चूक झाली, एवढ्यावर अंगठा द्या. जाळं घेऊन जा."

"मासं न्हाय धरलं तर खाऊ काय?"

"बाजारातून आणायचे. कोल्हापुरात पाहिजे तेवढे मिळतात."

"व्हय की! कोल्हापूर माझ्या परसातच हाय न्हवं?" बाईचा आवाज चढला. "खाली धरणात ठेकेदाराच्या होड्या फिरत्यात, ट्रक भरून मासं जात्यात. त्येच्यापाशी कागूद हाय म्हणं. माझ्या कालवणाला कागूद न्हाय म्हणून मी चोर व्हय?"

साहेबांनी टेबलावरचा शिक्का उगाच इकडचा तिकडं केला. "नियम मी केलेला नाही, आजी."

"रीत बी मी केल्याली न्हाय. मासं धरलं त्यो गुन्हा आसंल तर लिवा खुशाल. पर वाट्याला लाच म्हनशीला तर अंगठा न्हाय मिळायचा. जाळं माझ्या मालकाचं हाय, ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी."

जाळ्याकडं बघताना तिचा जीव तुटत होता. तरी चहाला हात न लावता ती उठली आणि ताठ मानेनं बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती ओढ्यावर गेली. आडोशाला नाही, वनखात्याच्या चौकीसमोरच्याच डोहावर. जुनं लुगडं दुहेरी करून तिनं एक टोक दगडाखाली दाबलं, दुसरं हातात धरून पाण्यात फिरवलं. वर उचललं तेव्हा त्यात बोटबोट मासळी उडत होती. सम्राट चौकीच्या पायरीवर दात घासत होता. ब्रश तोंडातच राहिला.

"आजी, काय हे? कालच सांगितलं न्हवं?"

बाई पाण्यातून निथळत वर आली. पानावर ओंजळभर मासळी घालून तिनं पान त्याच्या पायरीवर ठेवलं.

"बघितलंस न्हवं? मग तुझा वाटा. लाच वाटत आसंल तर लिव, न्हाईतर तव्यावर टाक. आन् लुगडं जप्त करायचं आसंल तर कर, घरात आनखी दोन हायती."

लुगडं पिळून तिनं खांद्यावर टाकलं आणि चढणीला लागली. "उद्याबी हितंच येनार हाय," मागं न बघता ती म्हणाली. "बघायला ये."

सम्राटनं पानाला हात लावला नाही. पण चौकीमागचं मांजर वास घेत पायरीवर आलं, तेव्हा त्याला हाकलायला मात्र तो उठला.