ग्रामदेवाच्या पसंतीचा मॉनिटर

आमच्या घरी संगणकाचा जो मोठा मॉनिटर आला, तो ग्रामदेवाला विचारून आणलेला होता.

हे वाक्य मी दोनदा खोडलं. पण ते खरं आहे. माझा थोरला भाऊ, दादा, जाऊन आता सहा महिने होतील. भेटायला येणारी माणसं हलक्या आवाजात त्याच्या बागेबद्दल, कलमांबद्दल बोलतात. मी मान हलवतो आणि मला आठवतो तो मॉनिटर! (अशा वेळी हसू येणं बरं नव्हे, हे मला कळतं.)

दादा आंबा बागायतदार. पावसाळ्यात बागेत काम नसलं की तो संगणकावर क्रिकेट खेळायचा. मुंबईचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, गणपतीला आले की त्याला हरवायचे. सलग तीन वर्षं! चौथ्या वर्षी दादा फोनवर गरजला, "या तर खरे! यंदा जिंकेल तो गणपती उचलेल!"

आईच्या हातातलं ताट खाली पडलं. विसर्जनाला गणपती डोक्यावरून न्यायचा मान घरातल्या थोरल्या मुलाचा. आधी आजोबांचा, मग आमच्या वडिलांचा, अण्णांचा, मग दादाचा. आणि या महाशयांनी तो क्रिकेटवर, तेही खोट्या क्रिकेटवर लावला होता!

"जावई उचलणार आपला गणपती?" आई म्हणाली. "गावात तोंड कुठे दाखवू?"

"अगो आई, मी खेळात हरत नाही, पडद्यामुळे हरतो. चौदा इंची डबडं ते! त्यात बॉल नाही, मुंगी दिसते."

नवा मॉनिटर हवा, यावर एकमत झालं. पण कुठला? दुकानात दोन जाती होत्या. एक मागे पोट सुटलेला, काचेच्या नळीचा. दुसरा नुकताच आलेला, पातळ, एलसीडी. मी वाचनालयात नोकरीला, म्हणून अभ्यास माझ्याकडे. तीन आठवडे संगणकाची मासिकं वाचली, एक वही भरली आणि निष्कर्ष सांगितला, "पातळ देखणा आहे, पण जोरात जाणाऱ्या चेंडूमागे त्यावर शेपूट उमटतं. जाड्यावर चेंडू स्वच्छ दिसतो, पण तो तीस किलोचा आहे. दोन्ही बाजू तोलामोलाच्या आहेत."

"मेल्या, बाजू कोणी विचारल्या? कुठला घेऊ ते सांग!"

"ते ज्याचं त्याने ठरवावं," मी म्हणालो.

दादाने हात जोडले. मला नव्हे. "चल देवळात. कौल लावू."

मला थट्टा वाटली. आमच्याकडे विहीर खणायची, सोयरीक जुळवायची तर देवाला विचारतात. मूर्तीला फुलांचे कळे चिकटवायचे. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. पण मॉनिटर?

गुरवकाकांनी कळे लावले आणि ते थांबले. "काय वस्तू म्हणालात?"

"मॉनिटर."

"देवाला समजेलसं सांगा."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरून, देवासमोर उभं राहून, शेपटाचं सगळं प्रकरण पुन्हा सांगितलं. काकांनी डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा! तुझं लेकरू मुंबईवाल्याकडून हरतंय! पातळाला शेपूट फुटतं, जाड्याचं पोट सुटलंय! जाड्या न्यायचा असंल तर उजवा दे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मागची दोन माणसं ओरडली. (ती स्वतःच्या म्हशीसाठी आली होती.)

टपकन कळा पडला. उजवा! माझं तीन आठवड्यांचं काम देवाने तीन मिनिटांत उरकलं होतं.

खोकं घेऊन टेंपो वर रस्त्यावर थांबला. घर खाली, मध्ये पाखाडी, जांभ्याच्या चाळीस पायऱ्या. दादाने खोकं खालून धरलं, मी वरून. अर्ध्यावर आल्यावर माझं लक्ष खोक्यावरच्या बाणांकडे गेलं. ते वर हवेत; आमचे जमिनीकडे होते! छापील सूचना मोडणं मला लहानपणापासून जमत नाही.

"दादा, बाण!" मी म्हणालो आणि बोट दाखवलं. दोन्ही हातांनी!

(बोट दाखवायला एक हात पुरतो, हे मला त्या दिवशी कळलं.)

दादाने तीस किलो एकट्याने पेलले. मॉनिटर वाचला. फक्त त्याच्या कमरेतून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला.

"आई गो!"

"फुटला काय रे?" आईने खालून विचारलं.

"मॉनिटर नाही!" मी ओरडलो.

सामना दादा आडवा पडून खेळला, कमरेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन. चेंडू खरोखरच स्वच्छ दिसत होता. शेवटच्या चेंडूवर षटकार!

"हरलो, दादा," भावोजी म्हणाले. "गणपती तुमचाच."

दादा ऐटीत उठायला गेला आणि तसाच परत आडवा झाला. मग आईने माझ्याकडे पाहिलं. मग ताईने पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"हा?" भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला. "हा उचलणार?"

"घरचा मुलगा आहे तो," आई म्हणाली. पण आवाज नवस बोलताना असतो तसा होता.

त्या विसर्जनाचा फोटो अजून ओटीवर आहे. दादा घरी आरामखुर्चीत अडकल्यामुळे त्यात नाही. हल्ली भेटायला येणारे तो निरखतात आणि म्हणतात, "अरे, त्या वर्षी मान तुमच्याकडे होता तर!" मी हो म्हणतो. फोटोत गणपती माझ्याच डोक्यावर आहे, आणि पाटाला चार हात लागलेले आहेत. दोन भावोजींचे, दोन गुरवकाकांचे. माझे दोन्ही हात चष्मा सावरण्यात गुंतलेले आहेत!