पत्र्याची आतली बाजू

गॅरेजमध्ये तिला सगळे थर्मामीटर म्हणत. हे नाव शेजारच्या पंक्चरवाल्याने ठेवलेलं. ते तिला आवडायचं, पण तसं तिने कधी कबूल केलं नाही.

नवरा डेंटर, गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारा. गंजलेला जुना पत्रा नीट करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण तो बाहेरच्या बाजूने काम करायचा. आतल्या बाजूला ती असायची. गंज कापून काढला की तिथे नव्या पत्र्याचा तुकडा बसवायचा आणि कडेकडेने गॅसच्या ज्योतीने वेल्डिंगचे टाके मारायचे. ज्योत जरा जास्त रेंगाळली की पत्रा फुगतो, त्याला लाट येते आणि गाडीचा चेहराच बिघडतो. म्हणून ती मागच्या बाजूने, टाक्यापासून वीतभर लांब, तळवा टेकवून बसे. चटका सोसवेनासा व्हायच्या जरा आधी म्हणे, "थांबा." तो थांबे. ती ओलं फडकं दाबे. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं. त्यांची भांडणंसुद्धा पत्र्याच्या दोन बाजूंनीच व्हायची.

मग एके दिवशी तिने स्वयंपाकघरात तापलेलं पातेलं फडक्याशिवाय उचललं. ओट्यावर ठेवल्यावर लक्षात आलं, की काही लागलंच नाही. बोटं लाल झाली होती, पण दुखत नव्हती. ती बराच वेळ हाताकडे बघत राहिली. साखरेचा आजार जुनाच होता. पाय बधिर होतात, त्यांना जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हातांचं कुणी बोललं नव्हतं.

नवऱ्याला तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने तिला घरी बसवलं असतं, अगदी प्रेमाने. घरी बसून ती करणार काय, आणि तिला थर्मामीटर तरी कोण म्हणणार? ती अंदाजाने "थांबा" म्हणू लागली. ज्योतीच्या आवाजावरून, वासावरून. लहानसहान कामं निभावून गेली. पण रोज सकाळी गॅरेजचं शटर वर गेलं की ती तळवे एकमेकांवर घासून बघायची.

आणि एक दिवस शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांची गाडी आली. सर निवृत्त झालेले, गाडी त्यांच्याहून म्हातारी. मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर, रंगाखाली, नखाएवढा फोड. नवऱ्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तर ते सरळ आत गेलं. खरवडता खरवडता फोड पंजाएवढा झाला.

"मिस्त्री, असा पत्रा आता शोधून मिळायचा नाही," सर स्टुलावरून म्हणाले.

"सर, असं बोलत राहिलात तर माझा हात हलेल."

"बरं, गप्प बसतो."

"बसा. तुमच्या वर्गात पोरं बसायची तसे."

"ती कुठे गप्प बसायची?"

ओलं फडकं घेऊन ती डिकीत शिरली. गुडघे पोटाशी घेऊन, मान वाकडी करून. आत काळोख. पत्र्याला आतून जुन्या डांबराचा थर होता. नवऱ्याने खरवडला होता, तरी फटींत उरलाच असणार, आणि डांबर पेटतं. पेट्रोलची टाकी आधीच उतरवून ठेवली होती. तरीही तो वास नाकातून जात नव्हता.

"आहेस का गं?"

"जाते कुठे?"

ज्योत सुरू झाली. तिने तळवा टेकवला. काहीच नाही. जणू हात दुसऱ्याच कुणाचा.

"थांबा."

थोड्या वेळाने पुन्हा, "थांबा."

"तुझी गाडी सुटतेय का?" तो बाहेरून म्हणाला. "पत्रा बर्फासारखा गार आहे, आणि म्हणे थांबा."

सर हसले. पुढच्या टाक्याला तिने ठरवून कळ काढली. ज्योतीचा फुरफुर आवाज तोच, एका सुरात. मग वास आला. डांबर, तिला वाटलं. ती फडकं उचलायला वळली. कापलेल्या फटीतून उजेडाची रेघ आत आली होती आणि त्या रेघेत तिला स्वतःची बोटं दिसली. हात जागेवरून घसरला होता. दोन बोटांची टोकं तापलेल्या तुकड्याला टेकली होती. कातडी पांढरी पडली होती.

"थांबा," ती म्हणाली. आवाज इतका शांत निघाला, की त्याचीच तिला भीती वाटली.

"आत्ता कसं, अगदी वेळेवर," तो खूश होऊन म्हणाला.

तिने बोटं ओढली. ती चिकटून सुटली, आणि तेही तिला फक्त दिसलं. बाहेर ज्योत पुन्हा पेटली. हात परत टेकवायचा होता. तो टेकवेना.

"अहो."

"काय?"

"मला कळत नाहीये."

"काय कळत नाही?"

"चटका."

ज्योत फट् करून विझली. काळा चष्मा कपाळावर सरकवून तो डिकीशी आला. तिचा हात त्याने उजेडात धरला. मग तिच्या करंगळीवर त्याने चिमटा काढला. त्याचं नख आत रुतताना ती बघत होती.

"लागतंय?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला नाही. त्याने गॅसच्या सिलिंडरची चावी बंद केली.

तो तिला नळापाशी घेऊन गेला. सर स्टुलावरून उठले.

"मिस्त्री, काय झालं? काम थांबलं?"

"थांबलं, सर. वेळ लागेल." तो नळाकडे बघत म्हणाला, "आतल्या बाजूला आता कुणी नाही."

ती तिथेच, दोघांच्या मध्ये उभी होती. पाणी तिच्या बोटांवरून वाहत होतं.

"पाणी गार आहे का हो?" तिने विचारलं.

त्याने नळ आणखी सोडला.